पांढऱ्या झग्याची झोळी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या सोसायटीत परदेशातून जुन्या कपड्यांचा गठ्ठा आला. भांडणं नकोत म्हणून चेअरमन मोहनरावांनी चिठ्ठ्या टाकल्या. भिवराच्या वाट्याला झगा आला. पांढराशुभ्र, साटीनचा, कमरेखाली जाळीचे तीन थर आणि मागं चार हात लोळणारा घोळ.

भिवराला झगा नको होता, झोळी हवी होती. नवरा ऊसतोडीला गेलता. सोमवारपासून तिला सासूबरोबर खडी फोडायला जायचं होतं आणि सव्वा महिन्याच्या लेकीला तापल्या दगडांवर निजवता येत नव्हतं. घरात दुसरं धड लुगडं नव्हतं.

सासू कडूबाईनं झगा लांबूनच पाहिला.

"पांढरं हाय."

"दिसतंय, आत्याबाई."

"कुंकू पुसलेल्या बाईचं असंल. लेकराला लावायचं न्हाई."

बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात, पण ते सवाष्णीच्या अंगावरचं लागतं. आता ही बाई कोण, कुठली, तिचा नवरा हाय का गेला, हे सोसायटीच्या कागदात नव्हतं.

दोघी झगा घेऊन जलालुद्दीन टेलरकडे गेल्या. तो हैदराबादेत मडमांचे कपडे शिवायला शिकला होता. त्यानं झगा उलटा केला, गळ्याशी शिवलेली, शिवणाऱ्याच्या नावाची रेशमी पट्टी पाहिली आणि एकेक शिवण बोटानं तपासत गेला, तोवर बाळ जागं झालं.

"मशीन लावलेली न्हाई ह्याला," तो म्हणाला. "सगळे टाके हाताचे. नवरीचा झगा हाय, मावशी."

"नवरी? पांढऱ्यात?"

"त्यांच्यात तसंच."

"आन् कुनी मेल्यावर?"

"काळं घालतेत."

"उलट्या खोपडीची मानसं," कडूबाई म्हणाली आणि उठली. "चल गं."

भिवरा उठली नाही. बाळ तिच्या पदराचं टोक चोखत होतं. तेवढाच पदर होता.

घोळाच्या कडेला कडूबाईला पिवळा डाग दिसला. ती परत खाली बसली. डाग नखानं खरवडला, वास घेतला.

"ही हळद हाय का?"

साटीन पेटीत पडून पडून पिवळं पडतं, हे जलालुद्दीनला चांगलं माहीत होतं. त्यानं भिवराकडं पाहिलं, मग बाळाकडं.

"हळदच," तो म्हणाला. "लवकर जात न्हाई."

"मग सांगायचं न्हाई का आधी?" कडूबाई म्हणाली. "काप."

"कापनार न्हाई. उसवतो."

त्यानं दोन दिवस एकेक टाका उसवला. घोळाची झोळी केली, जाळीचं माश्यांसाठी पांघरूण केलं. मजुरी म्हणून ती रेशमी पट्टी मागून घेतली.

सोमवारी निष्पर्ण लिंबाला साटीनची झोळी लागली. मुकादम रामहरी थांबून बघत राहिला.

"कुनाचं लगीन हाय बे इथं?"

"बारकीचं," हातोडी न थांबवता कडूबाई म्हणाली. "आत्ताच निजलीय. हळू बोल."