पुलाच्या अलीकडे

मी निशात. चंद्रपुरात टॅक्सीच्या ॲपसाठी चालकांची कागदं तपासते. लोक म्हणतात, बाई लय कडक आहे. हाव, आहे. गाडीत कोणाची पोरगी बसंल काय सांगता येते? मंग कडक नाई राहायचं तं काय येईल त्याले हार घालायचे?

लटारूभाऊंच्या कागदांत पोलीस केस निघाली. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा मोटारसायकलवर दारू नेताना सापडले होते. आता बंदी उठली, दुकानं उघडली, त्याईची केस मात्र कोर्टात पडूनच. स्वतः कधी थेंब घेतला नाई. गाडी झकास चालवत. पण पन्नाशीतल्या केसवाल्या माणसाले कोण काम देते? मी वरच्यांशी भांडली, तेव्हा कुठी तीन महिने चाचणीवर घेतलं. अट एकच, एक तक्रार आली का बाहेर.

अडीच महिने काईच नाई. मंग एका प्रवाशाची आली. चालकाने भरदुपारी व्याहाड गावात, गडचिरोलीच्या पुलाच्या अलीकडे, उतरवून दिलं म्हणे.

मी भाऊले बोलावलं. "काऊन उतरवलं?"

"बॅगेत दारू होती, बाई. पुलापल्याड अजून बंदी आहे."

"उघडून पाह्यली?"

"नाई. तणसात गुंडाळली का बाटली वाजत नाई. पण माणूस बॅग कशी ठेवते, त्यावरून समजते. लेकरू निजवल्यासारखी. मी बी तशीच ठेवत होतो. विचारलं तं म्हणे, तुले काय करायचं, तू चालव."

ॲपच्या फॉर्मवर प्रश्न होता, चालकाला हे कसं कळलं? मी म्हटलं, "वास आला, असं लिहू?"

"सीलबंद बाटलीले वास येते का? जसं आहे तसं लिहा. मले आता खोटं बोलून गाडी चालवायची नाई."

लिहिलं. वाटलं, वरच्यांले अक्कल असंल. भाऊ ऑफिसातच थांबले. सायंकाळी उत्तर आलं, चालकाची पार्श्वभूमी पाहता प्रवाशांच्या सुरक्षेसाठी खातं बंद करावं. बटण मलेच दाबायचं होतं. दाबलं. राग आला अन् माझीच मले लाज वाटली. भाऊ म्हणाले, "बरं बाई, येतो," अन् चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच प्रवाशाची बुकिंग दिसली, चंद्रपूर ते गडचिरोली. चालकाची कागदं मीच तपासली होती, एकदम साफ. दोन तासांनी प्रवास पूर्ण झाला. पाच तारे दिले होते अन् खाली लिहिलं होतं, चालक चांगला, काही विचारत नाही.