वृश्चिक राशीची कॅप्टन

मी मुलांसाठी लिहिते, त्यामुळे लोकांना वाटतं की मी स्वभावाने फार गोड असणार. मुळीच नाही. मुलांसाठी लिहायला चिडकंच माणूस लागतं. गोड माणसं लिहायला बसली की दुसऱ्या पानावर उपदेश सुरू करतात.

टीव्हीसाठी मी लिहिलेली गोष्ट अशी. तीन मुलं यानात बसून एकेका ग्रहाकडे जातात आणि त्याला जाब विचारतात. काय हो मंगळ, आमच्या ताईचं लग्न का अडवलंत? बुधराव, हा गणितात दर वेळी गटांगळ्या खातो, तुम्ही करता काय तिकडे बसून? ग्रह बिचारे गांगरतात. कुठली ताई, कसलं गणित, आम्ही आपले सूर्याभोवती फिरतोय, आम्हाला मान वर करायला फुरसत नाही! मग तोच ग्रह मुलांना आपली धूळ दाखवतो, वादळं दाखवतो, चंद्र दाखवतो, आणि विज्ञान तिथून सुरू होतं. शेवटचा भाग शनीचा. आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खायला लागलं.

त्याआधी माझ्या आत्याबद्दल सांगायला हवं. आत्या ज्योतिषी आहे. एका साप्ताहिकात राशिभविष्य लिहिते, लोक पत्रिका घेऊन घरीही येतात. आईबाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं, म्हणजे माझी वह्यापुस्तकं ग्रहांच्याच कृपेने आली. आजही आम्ही दोघी एकत्र राहतो. ती एका टेबलावर ग्रहांची बाजू घेते, मी दुसऱ्या टेबलावर त्यांची उलटतपासणी करते. माझी गोष्ट वाचल्यावर ती एवढंच म्हणाली, "शनीला इतका बावळट करू नकोस गं." पुढे आठवडाभर माझ्या चहात साखर नव्हती.

तर, शनीच्या भागाचं शूटिंग. मोठा काळा हॉल, मध्ये उंचावर थर्माकोलचा भलामोठा पिवळसर शनी, भोवती पत्र्याची कडी. शनीच्या पोटात एक मचाण, त्यावर एक जाडगेले नट उभे, आणि समोरच्या भोकातून त्यांचं फक्त रंगवलेलं तोंड बाहेर. एकदा आत चढले की कडी काढल्याशिवाय त्यांना उतरता येत नसे. चहासुद्धा नळीने. त्यांना सगळे शनीच म्हणायचे. यानातून निघून कॅप्टनने तरंगत तरंगत या शनीच्या नाकासमोर यायचं, असा प्रसंग होता.

कॅप्टन म्हणजे बारा वर्षांची एक मुलगी. तिचं खरं नाव एव्हाना तिची आईसुद्धा विसरली असेल. काटकुळी, बडबडी, डोळ्यांत नुसती वीज. मंगळाला तिने असं काही झापलं होतं की कॅमेरावाला हसून हसून खाली बसला. आणि त्या दिवशी हीच पोर पट्टा बांधायच्या वेळी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"मी वर जाणार नाही," ती म्हणाली.

दोरीवाले काका गुडघ्यावर बसून तिला समजावत होते. माणसं हवेत लटकवण्यातच त्यांचा जन्म गेलेला. रोज सकाळी आधी स्वतः लटकून बघायचे, मगच मुलांना हात लावू द्यायचे. "अगं, दोन दोऱ्या आहेत. एक तुटली तरी दुसरी तुला धरून ठेवते. आणि माझ्या हातात आजवर एकही तुटलेली नाही."

"दोरीची भीती नाही वाटत काका," कॅप्टन म्हणाली, आणि तिने आईकडे पाहिलं. आईने पर्समधून कागदाचा कपटा काढला. साप्ताहिकातून कापलेला. मी वाचला: वृश्चिक. या आठवड्यात उंचावर जाण्याचे धाडस टाळावे. पाय जमिनीवर असू द्यावेत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही भाषा मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि तेही माझ्याच घरचं कुंपण!

आमच्या दिग्दर्शकाला सगळे घाई म्हणतात, कारण त्याला नेहमी असतेच. घाईने घड्याळ पाहिलं, मला बाजूला घेतलं. "हॉल आजच आपला आहे. उद्या इथे दुसऱ्यांचा सेट लागतोय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही वर गेली नाही, तर पोशाख इंजिनिअरला घालणार." इंजिनिअर म्हणजे यानातली दुसरी मुलगी, धिटुकली, कुठेही चढणारी. "मग शेवटच्या भागाची कॅप्टन तीच."

हे कॅप्टनने ऐकलं. ती रडली नाही. तिने फक्त आपल्या छातीवरचा कॅप्टनचा बिल्ला मुठीत धरला. मला राग आला तो सगळा आत्यावर.

मी कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "आत्या, तू हे मुद्दाम लिहिलंस ना?"

"काय लिहिलं मी?"

मी वाचून दाखवलं.  मग ती म्हणाली, "तो मजकूर मी केव्हाच देऊन टाकला होता. तुझं शूटिंग कधी, हे मला काय स्वप्नात दिसणार?"

"तू ज्योतिषी आहेस, तुला दिसायला हवं होतं!"

"तोंड सांभाळ," आत्या म्हणाली. "आता काय हवंय तुला?"

"त्या मुलीला फोनवर सांग की ते तिच्यासाठी नाही. छापताना चूक झाली म्हण. काहीही सांग."

"पोरीला खोटं सांगू? मी?" आणि फोन बंद.

मी परत येऊन सगळ्यांना सांगितलं की ते भविष्य माझ्याच आत्याचं, आणि घाईला म्हटलं की आपल्याला साडेसाती लागली आहे. शनी वरून ओरडला, "मी काही केलेलं नाही बरं का!" सगळे हसले. कॅप्टन हसली नाही.

सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला असताना दार उघडलं आणि आत्या आत आली. कडक इस्त्रीची साडी, पायांत चालायचे बूट, हातात छत्री. टॅक्सीवाल्याशी भांडून आली होती, ते चेहऱ्यावर दिसतच होतं. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "कुठाय ती मुलगी?"

घाई धावत पुढे आला. "या आजी, या. तुम्ही एखादा उपाय सांगा ना. अंगठी, दोरा, काही असेल ते. आम्ही लगेच मागवतो."

"गप्प बसा हो," आत्या म्हणाली आणि कॅप्टनसमोर एका खोक्यावर बसली.

कॅप्टनने विचारलं, "आजी, ते तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"खरं आहे?"

मी डोळ्यांनी आत्याला खुणा करत होते. ती म्हणाली, "मला तरी खरं वाटतं. खरं वाटल्याशिवाय मी लिहीत नाही."

घाईने कपाळाला हात लावला. कॅप्टनच्या आईने पर्स उचलली, निघायच्या तयारीने. कॅप्टन मात्र हलली नाही. "तुमची रास कुठली, आजी?"

"वृश्चिकच."

"मग तुम्ही या आठवड्यात उंचावर गेलात?"

"नाही गं. माळ्यावरचा डबासुद्धा काढला नाही. हिला काढायला लावला." माझ्याकडे बोट. "भीती वाटते मला."

 एक बारा वर्षांची, एक सत्तरीची, दोघींची तोंडं सारखीच उतरलेली. मग आत्याने त्या पट्ट्याकडे पाहिलं, वरच्या दोऱ्यांकडे पाहिलं. दोरीवाल्या काकांना विचारलं, "हा मला बसेल?"

"आत्या!" मी ओरडले.

काकांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "बसेल. वजनाने तुम्ही कॅप्टनएवढ्याच आहात. पाठीचं, गुडघ्याचं काही दुखणं?"

"दुखणं नाही. नुसती भीती."

"ती सगळ्यांनाच असते," काका म्हणाले.

मी मध्ये पडले. म्हटलं, वेड लागलंय का, वय काय, उद्या काही झालं तर मी कुणाकडे बघायचं? माझा आवाज चिरकला. चिडलेय असं मला वाटत होतं, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. आत्याने माझा गाल थोपटला, लहानपणी थोपटायची तसा.

"हे बघ," ती म्हणाली, "मी लिहिलं की धोका आहे. ते मी मागे घेणार नाही. पण माझी एक ओळ वाचून ही पोर आयुष्यभर जमिनीवर बसून राहिली, तर ते पाप ग्रहांचं नाही, माझं. मला नाही चालणार ते. बांधा हो तुम्ही."

काकांनी बांधलं. प्रत्येक बक्कल दोनदा ओढून पाहिलं. साडी पायांशी घट्ट गुंडाळली. आत्याने छत्री कॅप्टनच्या हातात दिली, डोळे मिटले, आणि हळूहळू तिचे बूट जमिनीवरून सुटले. सबंध हॉल श्वास रोखून उभा. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की मला शिव्या देत होती, कोण जाणे.

वर पोचल्यावर तिने एक डोळा उघडला. समोर शनी. जन्मभर जिच्या लेखणीतून हा लोकांना छळत आला, ती बाई त्याच्या नाकासमोर लोंबकळत होती.

"नमस्कार," आत्या म्हणाली.  "तुमच्यामुळे आमचं घर चाललं हो."

शनीच्या तोंडावर घाम सुटला होता, रंग ओघळत होता. "आजी, तेवढी चहाची नळी जरा इकडे सरकवता? मघापासून निसटलीय."

आत्या हसली. आधी खुदकन, मग खदखदून. दोरीवर तिचं अख्खं अंग हलायला लागलं तशी खालची सगळी मंडळी हसायला लागली. तिने हात लांबवून नळी त्याच्या तोंडात दिली. शनीने चहा ओढला आणि "जीते रहो" म्हणाला.

"काका, मला पण!" कॅप्टन ओरडली. मग आईकडे वळली, आवाज बारीक करून म्हणाली, "आई, जाऊ?"

आईने वर पाहिलं, आत्याकडे. बराच वेळ. मग पर्स खाली ठेवून स्वतःच पुढे आली आणि मुलीच्या केसांची क्लिप घट्ट केली. "जा."

आत्याला खाली घेतलं, कॅप्टनला चढवलं. घाईने आरोळी दिली, कॅमेरा सुरू झाला. कॅप्टन तरंगत निघाली. तिचा चेहरा पांढराफटक, मुठी आवळलेल्या. शनीसमोर येऊन ती थांबली. इथे तिने म्हणायचं होतं, "शनी, तू आमच्यावर का रागावतोस?" ते वाक्य मी कितीदा घासूनपुसून लिहिलं होतं!

ती काहीच बोलेना. घाई हात वर करून शॉट थांबवणार, तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला.

"मला तुझी खूप भीती वाटते," ती शनीला म्हणाली. "पण मी आले."

शनीचं पाठ केलेलं सगळं संभाषण हवेत विरलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बरं केलंस. माझ्याकडे आजवर कुणी आलंच नव्हतं."

घाई टाळ्या वाजवत उड्या मारत होता. माझा हात आत्याच्या हातात होता, आणि तिचा तळवा अजून घामाने ओला होता.

"हे तू लिहिलं होतंस?" तिने कुजबुजत विचारलं.

"नाही."

"मग आता लिही," आत्या म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं.