मला मोसंबी मानवली नाही

आधी मला एक सांगा. बाजारात दोन दुकानदार आहेत. एक पोत्याच्या तोंडाशी निवडक माल ठेवतो आणि गोड बोलतो. दुसरा म्हणतो, "हात घाला, तळापर्यंत बघा, मग घ्या." तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? दुसऱ्यावर, असं सगळेच म्हणतात. पण तळापर्यंत हात घालतो कोण?

मी माळावरची चुनखडीची माती बोलतेय. मी काहीच लपवलं नव्हतं. ज्यानं वरवर बघितलं, त्याचीच ही हकीकत आहे.

पाचोडच्या अलीकडं रस्ता सोडून आत वळलात की एक बुटका डोंगर लागतो. त्याच्यातून ओढा उतरतो. चढावर हा ओढा मोठी दांडगाई करतो, पण पायथ्याला आला की दमतो आणि हातातलं ओझं टाकून देतो. असं टाकत टाकत त्यानं मला पसरलं, जमिनीवर सूप ठेवावं तशी. डोंगराच्या तोंडाशी गोटे, मधल्या अंगाला खडे आणि वाळू, अगदी खालच्या कडेला बारीक, मऊ गाळ.

चुना माझ्यात कुणी आणून टाकला नाही. तो डोंगराच्या काळ्या दगडातूनच सुटला. आमच्याकडं पाऊस हात राखून पडतो. तो चुना विरघळवतो, हातभर खाली नेतो आणि तिथंच पाणी संपतं. पाणी उन्हाला जातं, चुना मागं राहतो. असं होत होत माझ्या पोटात पांढरे खडे जमले, त्यांच्याखाली दगडासारखा पांढरा थर बसला. वरून मात्र मी साधी, तपकिरी.

अशा पोटाला गवत मानवतं. पवन्या, मारवेल, कुसळी. थोडक्या पाण्यात भागवणारी ही गिऱ्हाइकं. कधी तक्रार नाही.

मला राखते भामाबाई. तिच्या शेळ्या आणि दोन गाई माझ्यावर जगतात. तिचा एक नेम आहे. पावसाळ्यात ती वरच्या अंगाला जनावर सोडत नाही. गवताला बी धरायचं, पिकायचं, झडायचं, मगच विळा आणि मगच शेळ्या. एकदा तिच्या सख्ख्या जावयानं मुक्कामाला येताना बोकड आणला आणि माझ्यावर सोडला. भामाबाई धावत आली.

"जावईबापू, तुम्ही घरात जेवा. तुमच्या बोकडाला अजून निमंत्रण नाय."

तिचा मुलगा इंद्रजीत. शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंपनीत पाळीवर जातो. पोरगा कष्टाळू, पण रोज येताजाता खालच्या काळ्या रानातली मोसंबीची बाग बघायचा. गाडी थांबवून बघायचा. त्याच्या मनानं घेतलं की आपल्याही माळावर मोसंबी लावायची. कुणीतरी सांगितलं, आधी माती तपासून घे. शहाणा सल्ला होता.

भर मे महिन्यात तो कुदळ घेऊन आला. उन्हाळ्यात मी अशी आवळते की कुदळ ठणकन उडते. दोनचार ठिकाणी त्यानं घाव घातले, हात झिणझिणले. मग बोरीच्या झाडाखाली गेला. तिथं कुदळ सहज आत गेली. तेवढीच वरची माती त्यानं पिशवीत भरली. शेळ्या वर्षानुवर्षं दुपारी त्याच सावलीत बसतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. अहवाल आला: माती उत्तम.

मग मशीननं खड्डे पाडले. माझं पांढरं पोट उघडं पडलं. कुणी थांबलं का? नाही. तलावातला काळा गाळ आणला, खड्डे भरले, रोपं लावली. शेळ्यांना दावणीला बांधलं. भामाबाई बांधावरचं गवत कापून आणायची. पोराचं मन मोडू नये म्हणून.

दोन वर्षं झाडं हिरवीगार. लोक म्हणायचे, इंद्रजीतनं माळाचं सोनं केलं. मला आतून कळत होतं. झाडं माझं खातच नव्हती, खड्ड्यातल्या गाळावर जगत होती. तिसऱ्या वर्षी मुळ्या गाळाबाहेर आल्या आणि त्यांची माझ्याशी गाठ पडली. लोह माझ्यात आहे, पण चुना ते असं धरून ठेवतो की मोसंबीच्या मुळीला सुटत नाही. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. फवारण्या झाल्या. महिनाभर हिरवं दिसायचं, पुन्हा पिवळं.

इंद्रजीत चिडला. "बेइमान माती आहे ही," म्हणाला. "मुरूमवाल्याशी बोललोय, त्यालाच देतो. उद्या त्याची गाडी येईल, खोदून नेऊ दे सगळी."

भामाबाईचा हात विळ्यावरच थांबला. मुरूम म्हणून मी एकदा गेले की उरतो तो खड्डा. खड्ड्यात पवन्या उगवत नाही. शेळ्या विकाव्या लागणार होत्या.

त्याच दिवशी दुपारी कमरोद्दीन आला. पाचोडचा बागवान, झाडावरचा बहार बघून बागा घेणारा. भामाबाईच्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवरा गेला, येणंजाणं राहिलं. बोरीखाली भाकरी सोडल्या.

"क्या रे इंदर, बाग लावली की हळद?" पिवळ्या पानांकडं बघत तो म्हणाला.

"काका, जखमेवर मीठ नका चोळू."

"मीठ नाय बेटा, लिंबू दे. पिठल्यावर पिळायला."

भामाबाईनं लिंबू कापलं, पिळलं. शेजारीच खड्ड्यातून निघालेल्या पांढऱ्या खड्यांचा ढीग होता. रस त्याच्यावर सांडला आणि खड्यांतला चुना बारीक चरचर करत फेसाळला. तिघंही वाकून बघत राहिले.

"भाभी, तुमची जमीन सोडा पिली काय?" कमरोद्दीन म्हणाला.

भामाबाईनं हसत बोरीखालच्या काळसर मातीवर फोड पिळली. तिथं फेस जवळजवळ नव्हताच. इंद्रजीतचा घास हातातच राहिला.

"माय," तो हळूच म्हणाला, "मी नमुना इथूनच नेला होता."

"इथून? का रं?"

"इथं नरम लागली."

"अरे, इथं माझ्या शेळ्या बसतात!" भामाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "लेंड्यांची परीक्षा करून आणलीस तू!"

कमरोद्दीन हसता हसता ठसकला. त्याला पाणी देताना इंद्रजीतलाही हसू आलं, मग डोळे भरले. तीन वर्षांचा घाम होता त्याचा.

"उद्याच्या गाडीचं काय करतोस?" भामाबाईनं विचारलं. हसणं थांबलं होतं.

त्यानं ढिगातला एक पांढरा खडा उचलून निरखला. मग फोन काढला. "मुरूम द्यायचा नाय, भाऊ. व्हय, पक्कं. शेळ्या आहेत आमच्या."

आज माझ्या खालच्या कडेला, जिथं गाळ खोल आहे, मोसंबीच्या दोन ओळी टिकून आहेत. बाकीची झाडं काढली. मशीननं वर आणलेल्या पांढऱ्या डागांवर अजून गवत धरत नाही. कुसळी आधी येईल, पवन्याला वेळ लागेल. भामाबाई दर पावसाळ्यात तिथं मूठमूठ बी फेकते आणि शेळ्यांना लांब ठेवते.

गावात मात्र अजून म्हणतात, माती खराब निघाली. राव, माझी एवढीच विनंती आहे. बाग माझ्यात वाळली हे खरं, ते माझ्या नावावर लिहा. पण त्याच पानावर इतक्या वर्षांचं गवत लिहा, त्या गवताचं दूध लिहा. मला न विचारता माझ्याकडून जे मागितलं, ते मागणाऱ्याच्या नावावर असू द्या. तुमच्या रानातल्या मातीचाही असाच हिशेब ठेवा, आणि खरा ठेवा.