साठचा

तीन बहिणींतल्या मधलीचं एका अक्षराशी वैर होतं, आणि ते अक्षर होतं ब. बाकीची बाराखडी तिच्या जिभेवरून घरंगळत जायची. ब आला की मात्र ओठ असे मिटायचे, जणू बाहेरून कुणी कडी घातली. मग ती वळसा घ्यायची. बादलीला "ते पाण्याचं", बसला "गाडी", बटाट्याला "तो गोल". फक्त वडिलांना दुसरं नाव सापडेना. त्यांना ती "ऐका ना" म्हणायची, आणि तेही बिचारे ओ द्यायचे.

यावर तिचा एक गुपचूप उपाय चालला होता. एक मोठी खोली, स्वयंपाकघर आणि पाच माणसं, एवढंच त्यांचं घर. पण कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड पोचायचा नाही. दिवेलागणीनंतर ती तिथं शिरायची आणि गाल फुगवून, ओठ दाबून पुटपुटायची: बदक, बटण, बंब. तिथं तिचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, म्हणून तिथं ब यायचा. सोमवारी तिला वर्गासमोर बोलायचं होतं आणि विषय बाईंनी फळ्यावर लिहून ठेवला होता: विजेची बचत. काटकसर म्हटलं तर चालेल का, हे तिनं विचारून पाहिलं. बाई म्हणाल्या, नाही, शब्द हाच.

नेमकी त्याच आठवड्यात बाबांनीही बचत मनावर घेतली. ते एलईडी बल्ब आणायला गेले. त्यांच्या घरात पहिल्यापासून बल्ब आकड्यानं ओळखला जाई. न्हाणीतला चाळीसचा, खोलीतला साठचा. दुकानदारानं विचारलं, किती वॅटचा? बाबा ऐटीत म्हणाले, साठचा. तो म्हणाला, साहेब, गोदामाला लावायचाय का, घरात नऊचा पुष्कळ झाला, जुन्या साठच्याएवढा उजेड देतो. बाबा म्हणाले, आमच्याकडे पहिल्यापासून साठचाच असतो, मला शिकवू नका. न्हाणीसाठी चाळीसचाही घेतला.

स्टुलावर चढून त्यांनी तो भोपळ्याएवढा बल्ब बसवला, बटण दाबलं आणि घरात भरदुपार झाली. आई एवढंच म्हणाली, काय उजेड पाडलात हो. थोरलीला आरशात स्वतःच्या पुटकुळ्या दिसल्या आणि ती रुसली. धाकटी गॉगल लावून जेवायला बसली. समोरच्या काकूंनी पडदे ओढले आणि फटीतून विचारलं, शूटिंग आहे का काही? बाबा मात्र दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, साठचा आहे, पण वीज म्हणाल तर खातच नाही. एवढी दवंडी पिटल्यावर घरात ब्र काढायची कुणाची छाती होती? मधलीची तर नुसत्या ब-शीच मारामारी.

तिचा कोपरा गेला. उजेड कपाटामागे शिरला, तिथली जळमटं आणि तिचे मिटलेले ओठ त्यानं सगळ्यांना दाखवले. धाकटी विचारी, तू मासा का होतेस गं? थोरली म्हणे, लाव जोर. आई मायेनं शब्द पुरा करून देई, आणि तेच सगळ्यात वाईट. न्हाणीत जावं तर चाळीसचा डोळ्यात घुसायचा. गॅलरीत जावं तर समोरचा पडदा हलायचा.

शेवटी ती बाबांना म्हणाली, ऐका ना, हा दिवा फार होतोय.

"दिवा नाही गं, बल्ब," बाबा कौतुकानं म्हणाले. "म्हण बघू. ब, ल्ब."

आणि ते वाट बघत राहिले. मुलीला मदत करतोय, असंच त्यांना वाटत होतं. मधली पाय आपटत निघून गेली. थोरलीला मध्ये घालावं, तर ती म्हणाली, तुला हवंय तर तूच सांग. म्हणजे वाक्य एकच उरलं: बाबा, बल्ब बदला. तिन्ही शब्द वैऱ्याचे. किल्ली आत राहिली आणि दाराला बाहेरून कुलूप बसलं, तशी तिची गत झाली.

रविवारी संध्याकाळी सगळे जमिनीवर पानं वाढून बसले होते. मधली उठून उभी राहिली, त्या बल्बच्या बरोब्बर खाली.

"बा," ती म्हणाली, आणि ओठ मिटले. बाकीच्या चारही पानांवरचे हात थांबले. आईनं तोंड उघडलं. मधलीनं तिला हातानं गप्प केलं. घाम कानामागून उतरला. वेळ गेला, पुष्कळ गेला.

"बाबा. ब... बल्ब. बदला."

बाबांनी हातातला घास पानात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं गं. डोकं ठणकतंय माझं. पण एवढं सांगत सुटलो, आता त्या दुकानात कुठल्या तोंडानं जाऊ?"

आई ठसका लागेपर्यंत हसली. मधलीलाही हसू फुटणार होतं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तू ये ना बरोबर. तूच बोल त्याच्याशी. मला लाज वाटते."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. बोलता येतं, हे तिनं नुकतंच सगळ्यांदेखत सिद्ध केलं होतं.

दुकान उघडंच होतं. बाबा बाहेर, दुसऱ्याच कुणाच्या स्कूटरमागे उभे राहिले. आत भिंतभर नमुन्याचे बल्ब पेटलेले, कुठं नखाएवढी सावली नाही. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. मधलीनं साठच्या बल्बचा खोका काउंटरवर ठेवला.

"काय देऊ?" दुकानदारानं विचारलं.

तिचे ओठ मिटले. दिवा म्हणून सुटता आलं असतं. ती तशीच उभी राहिली, ओठ दाबून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि दुकानदार वाट बघू लागला.