डावीकडचा सायकलवाला

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून विनीताबाई रोज सकाळी घराबाहेर पडू लागल्या, आणि रेणुकादासांच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठं चाललीस?"

"मल्लम्मासोबत फिरायला."

मल्लम्मा शेजारच्या, देगलूरकडच्या. त्यांच्यासोबत फिरायला जाण्यात वावगं काही नव्हतं. पण विनीताबाई घामाघूम होऊन परतायच्या आणि चपलांना धुळीचा कण नसायचा. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायच्या. एकदा रेणुकादासांनी पेपर तोंडासमोर धरून कान दिला. "हाव तनुजा, त्यांना काही पत्ता नाही," असं बाई हळूच म्हणत होत्या.

विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवून रेणुकादास निवृत्त झाले होते. पोरांच्या कॉप्या पकडून पकडून स्वभावच तसा झालेला, कुणावर पटकन विश्वास बसायचा नाही. लेक मालविका आणि जावई सर्वेश मेलबर्नला असतात. त्यांनी या दोघांना समुद्रकाठच्या रस्त्यानं गाडीतून फिरवलं, तिथंही यांचं तेच. मुक्कामाच्या घरी मालकाचा पत्ता नाही, किल्ली दाराशेजारच्या डबीत. "असं कुणी घर सोडून जातं का? यात काहीतरी गोम हाय," म्हणत त्यांनी दाराला आतून खुर्ची लावली होती.

त्या प्रवासात त्यांना एकच गोष्ट मनाला लागली होती. मालविका आणि सर्वेश आळीपाळीनं गाडी चालवायचे. थकलं की सरळ सांगायचं, उतरायचं, दुसऱ्यानं बसायचं. रेणुकादासांनीही हट्टानं स्टिअरिंग हातात घेतलं. डावीकडं निळा समुद्र, रस्ता वळणावळणाचा. थोड्या वेळानं मागून विनीताबाई किंचाळल्या, सर्वेशनं स्टिअरिंगला हात घातला, आणि एक सायकलवाला गाडीला चाटून मागं राहिला. "बाबा, आता मी घेतो," सर्वेश शांतपणे म्हणाला. रेणुकादासांनी वाऱ्याला दोष दिला, अरुंद रस्त्याला दिला, आणि मुक्कामी पोचेपर्यंत जावयाशी बोलले नाहीत.

ते सगळं नांदेडला आल्यावर मागं पडलं. आता डोक्यात फक्त हे सकाळचं फिरणं होतं.

एक दिवस जिन्यात मल्लम्माच भेटल्या. "काय म्हणते सकाळची हवा?" रेणुकादासांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"कुठली हवा सर? माझे गुडघे धरून बसलेत. मी घराच्या बाहेर तरी पडते का?"

रेणुकादास हसले आणि जिना चढू लागले. या वयात बायकोनं खोटं बोलावं, तेही इतक्या सफाईनं? तिच्या बहिणीच्या घरचं काही असेल? कुणा बुवाच्या नादी लागली असेल? की मालविकाचंच काही बिनसलंय आणि ते आपल्यापासून लपवतायत? प्रत्येक शंका आधीच्या शंकेपेक्षा वाईट होती.

दुसऱ्या दिवशी विनीताबाई कोपऱ्यावर एका पांढऱ्या गाडीत बसल्या. हे रिक्षा करून मागं निघाले. गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली, विष्णुपुरीच्या पुढं एका मोकळ्या मैदानात वळली. रेणुकादास रिक्षा सोडून एका लिंबाच्या झाडाआड उभे राहिले. गाडी थांबली. स्टिअरिंगपाशी बसलेली एक तरुणी उतरली आणि तिच्या जागी विनीताबाई बसल्या.

गाडीनं दोन गचके खाल्ले, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. मागच्या काचेवर लाल इंग्रजी 'एल' होता.

म्हणजे हे होतं तर. त्यांना हायसं वाटलं, आणि लगोलग रागही आला. जाब विचारायचाच म्हणून ते झाडाआडून तरातरा मैदानात निघाले. समोर गाडी दिसत नव्हती. कुठं गेली, असं मनात येतंय तोच डाव्या बाजूला करकचून ब्रेक लागला. बॉनेट त्यांच्या मांडीपासून हातभर अंतरावर थरथरत होतं.

विनीताबाई उतरल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"लागलं तर नाही ना?"

"तू... मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी येऊन बसला असता. मग मी कशाची शिकते?" त्यांनी गाडीकडं हात केला. "अहो, मी सरळ येत होते. दिसले नाही का?"

रेणुकादासांनी मान वळवून डावीकडं बघितलं.

"तो सायकलवालाही दिसला नव्हता तुम्हाला. मालविका डावीकडं काही दाखवायची, तुम्ही हाव हाव म्हणायचे आणि भलतीकडं बघायचे. घरात डावा खांदा दाराला आदळून घेता. मला तेव्हापासून शंका आहे. डॉक्टरकडं चला म्हटलं असतं तर आला असता?"

"नसतो आलो," ते म्हणाले.

"म्हणून म्हटलं, आधी आपलं आपण शिकून घ्यावं. पोरं तिकडं कशी बिनदिक्कत सांगतात, मला जमत नाही, तू घे. आपल्यात कोण कुणाला म्हणतं?"

तनुजा, ती शिकवणारी तरुणी, लांब जाऊन फोनमध्ये बघत उभी राहिली.

विनीताबाईंना पक्कं लायसन्स मिळाल्यावर दोघं आपल्या गाडीनं लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं निघाले. अहमदपूर, चाकूर मागं पडेपर्यंत रेणुकादासांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. प्रत्येक ट्रकवाल्याच्या हेतूबद्दल त्यांना शंका होती, बायकोच्या प्रत्येक गिअरबद्दलही.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू, डाव्या डोळ्यात जास्त. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येईल. गाडी मात्र आता नको. "तुम्हाला कळलं नाही यात नवल नाही," ते म्हणाले, "न दिसणारी बाजू मेंदू आपल्या मनानं भरून टाकतो." जगावर संशय घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा कधी घेतला नव्हता. हे त्यांना तिथं खुर्चीत बसल्या बसल्या फार लागलं.

बाहेर आल्यावर सवयीनं ते गाडीच्या उजव्या दाराशी गेले. हात कडीवर क्षणभर राहिला. मग ते वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि बसले.

"आरशात बघून काढ," ते म्हणाले.

"बघितलं. तुम्ही पट्टा लावा."