चादरीखालचे टेबल

मित्रांनो, माझ्या खणात एक पत्र अडीच वर्षे पडून होते. त्याचे उत्तर आनंदराज गुरुजींनी द्यायचे होते आणि त्यांनी ते दिले नाही. पण गुरुजी लिहायला माझ्यापुढेच बसत, म्हणून त्या गप्प राहण्यात मीही आलेच.

मी एक जुने सागवानी टेबल आहे. माझे लाकूड किनवटच्या जंगलातले. सुताराने मला नांदेडच्या एका शाळेच्या वाचनालयासाठी घडवले. चाळीस वर्षे मुले माझ्यावर कोपरे टेकून वाचत आली. एकाने कंपासच्या टोकाने स्वतःचे नाव कोरले, तेही अर्धेच. बहुधा घंटा झाली असावी. गुरुजी तिथले ग्रंथपाल. पुढे मला भंगारात काढले, तेव्हा त्यांनी हातगाडीवर घालून मला घरी आणले. आयुष्य वाचणाऱ्यांपुढे गेले, त्यामुळे मला बोलायची सवय नाही. सांगताना चुकले तर समजून घ्या.

गुरुजींचे घर गिरणी लाइनीत आहे. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या कामगारांची ही बावीस घरे, एकमेकांना पाठ टेकून उभी. वर पत्रे आहेत आणि भिंतींना ओल आहे. एक दिवस 'वस्ती नवजीवन कक्ष' नावाच्या कार्यालयातून घरोघर पत्र आले. नवा रस्ता होणार होता आणि घरांचे दर्शनी भाग रंगवले जाणार होते. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावे, न कळवल्यास संमती समजली जाईल, असे खाली लिहिले होते. दर्शनी भाग! पत्रे नाहीत, भिंती नाहीत. नाल्या म्हणे दुसऱ्या टप्प्यात. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते तेवढेच घर, अशी त्या कक्षाची घराबद्दलची समजूत होती.

लाइनीने उत्तराचे काम गुरुजींवर सोपवले. शेजारच्या नागुबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या. त्यांनी मजकूरही सांगितला.

"जुना रस्ता आधी खोदा म्हणावं. वरच्यावर थापला तर पाणी घरात येतंय. एवढंच लिवा, गुरुजी."

एवढेच लिहायला गुरुजींना तीस दिवस पुरले नाहीत. 'महोदय' लिहावे की 'माननीय महोदय'? 'विनंती' पुरे की 'नम्र विनंती'? आपण कोण सांगणारे, असे वाटून ते कागद फाडत. नऊ मसुदे मी पाहिले. नागुबाई खिडकीतून विचारायच्या, "झालं का?"

"लिहून राहिलो, नागुबाई."

"लिहूनच राहिले तुम्ही. तेवढ्यात माझ्या सुनेचं बाळंतपण झालं."

मुदत संपली. जुना रस्ता न खोदताच त्याच्यावर दीड फूट काँक्रीट पडले. पूर्वी लोक घरात पायरी चढून जात, आता उतरून जाऊ लागले. भिंती बाहेरून पोपटी झाल्या. नागुबाईंच्या भिंतीवर एक मोर काढला. आतल्या ओलीने दिवाळीपर्यंत त्याची मान सोलली. पावसाचे पाणी रस्त्यावरून सरळ घरात यायचे. गुरुजींनी माझ्या प्रत्येक पायाखाली दोन विटा ठेवल्या. रस्ता सुधारला आणि घरातले टेबल विटांवर चढले, याला ते लोक प्रगती म्हणत होते.

मग पुढच्या वर्षी कक्षाची पाहणी ठरली, तीही भर पावसाळ्यात. मित्रांनो, आमच्या लाइनीत पाहुणा येणार म्हटले की आधी घरातले उणे झाकतात. बायकांनी ओल्या गाद्या आतल्या खोलीत नेल्या. नागुबाईंनी सुनेच्या रुखवतातली भरतकामाची चादर आणली आणि पार जमिनीपर्यंत माझ्यावर सोडली.

"पाव्हण्याला काय विटा दाखवायच्या?" त्या म्हणाल्या.

साहेब आले, फोटोवाला आला. साहेबांनी चादरीचे कौतुक केले आणि दोन कप चहा घेतला. "काही अडचण?" त्यांनी विचारले.

गुरुजींनी किटली उचलली. "तसं काही नाही. अजून थोडा चहा?"

चादरीची कड ओली होती. ती साहेबांच्या बुटाला लागली. त्यांनी खाली पाहिले, पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि माझ्यावर कागद टेकून लिहिले, 'रहिवासी समाधानी.' आमच्या माणसांनी भिडेपोटी झाकले. त्या साहेबाने ओल पायाने पाहिली आणि हाताने पुसून टाकली. अशा माणसाबद्दल आदर कसा ठेवावा, हे चाळीस वर्षांत कुठल्याही पुस्तकातून माझ्या कानावर आले नाही. पण त्याच्या कागदाला आधार मीच दिला होता. ते मला विसरता येत नाही.

गल्लीच्या तोंडाशी 'आदर्श वस्ती' अशी पाटी लागली. समाधानी वस्तीला नाल्यांची गरज नाही, असे ठरून दुसरा टप्पा रद्द झाला.

या पावसाळ्यात नागुबाईंच्या नातीचा खोकला थांबेना. सून लेकराला घेऊन उमरीला माहेरी निघाली, या घरात परत येणार नाही म्हणून. पाहणीपासून माझ्यावरच राहिलेली तिची चादर न्यायला नागुबाई आल्या. चादर उचलली तर माझ्या पायांवर पांढरी बुरशी चढलेली. त्यांनी ती बोटाने खरवडून पाहिली.

"त्यांनी रंगानं झाकलं, आपण चादरीनं. फरक काय राहिला, गुरुजी?"

गुरुजींनी माझा खण ओढला. तो ओलीने फुगून बसला होता. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा खणाची कड चिरली. मला दुखले, पण बरे वाटले. जुने पत्र बाहेर आले. त्यांनी कोरा कागद घेतला, मसुदा केला नाही आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवले.

"आपल्या अडीच वर्षांपूर्वीच्या पत्राला उत्तर. आमची हरकत आहे. रस्ता खोदून खाली घ्या, नाल्या करा. पाहणीच्या दिवशी आम्ही ओल लपवली, ती आमची चूक. 'समाधानी' हा शब्द आम्ही परत घेत आहोत. पाऊस असताना या. चादर टाकलेली नसेल."

"महोदय न्हाई लिवलं?" नागुबाई म्हणाल्या.

"राहिलं."

"राहू द्या. द्या इकडं पेन." आणि त्यांनी खाली सही केली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंवर चांगला कपडा टाकण्याआधी एकदा त्यांच्या पायांशी वाकून पाहा. घरांचेही तसेच आहे. आणि कोणी 'काही अडचण?' असे विचारले, तर लगेच चहा विचारू नका.

गुरुजी चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून रस्त्यावर चढले आणि पोस्टात गेले. परत येऊन त्यांनी पावती माझ्या खणात ठेवली. चिरलेला खण आता पूर्ण बंद होत नाही. फटीतून पावतीवरचा शिक्का दिसतो.