सोनेरी डब्यातलं तेल

मी एक जुनी मोटरसायकल आहे. गास गावात, फेबियनच्या वाडीतल्या जांभळाखाली पत्र्याची एक शेड आहे, तिच्यात मी एका बाजूला कलंडून उभी असते. गावातली म्हातारी माणसं मला अजून फटफटीच म्हणतात आणि मला तेच नाव आवडतं. माझ्याखाली जमिनीवर एक काळा डाग आहे. येणारे-जाणारे तो बघून नाक मुरडतात आणि "म्हातारी गळायला लागली," असं म्हणून पुढे जातात. मित्रांनो, त्या डागाची गोष्ट मला ठाऊक आहे आणि फेबियनला ठाऊक आहे. ती जाणणारं तिसरं माणूस आता उरलेलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या काळी माझ्यासारख्या गाड्या नव्याच निघाल्या होत्या. आम्ही पेट्रोल कमी पितो याचं लोकांना भारी कौतुक होतं. फेबियनने मला आणलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. घरी नेण्याआधी त्याने मला चर्चसमोर उभं केलं. फादरांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं, आणि त्याच्या नव्या नवरीने, एस्थरने, हळूच पदराने माझी टाकी पुसली.

"नव्या रंगावर डाग पडतील," ती म्हणाली.

फादर हसले. "या पाण्याचे डाग पडत नाहीत, बाय."

मग माझ्या कष्टाचे दिवस सुरू झाले. वाडीतला सोनचाफा, केळीचे घड, पालेभाजीच्या जुड्या, काय काय मी वाहिलं म्हणून सांगू! सकाळी फेबियन पुढे, एस्थर मागे एका बाजूला बसलेली आणि तिच्या मांडीवर चाफ्याची टोपली. पुढे त्यांना रायन झाला, तेव्हा त्याची जागा टाकीवर. तो तोंडाने माझा आवाज काढायचा आणि माझ्यापेक्षा मोठा काढायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की आम्ही पापडीला जात असू. पापडी हे एस्थरचं माहेर. तिकडे जाताना ती सबंध वाटभर बोलायची, आणि फेबियनला वाऱ्यामुळे एक अक्षर ऐकू यायचं नाही. तरी तो "हो, हो" म्हणत राहायचा!

माझं जेवण म्हणजे इंजिनाचं तेल. फेबियन मला पहिल्यापासून एकच साधं, दाट तेल घालायचा. जुनं काढलेलं काळं तेल मात्र तो फेकत नसे. आमच्या आळीच्या तोंडाशी एक लाकडी क्रूस आहे. मे महिन्यात तिथे रोजरीची प्रार्थना असते. त्याआधी फेबियन क्रूसाच्या बुंध्याला ते जळकं तेल ब्रशने लावायचा, म्हणजे वाळवी लागत नाही. माझ्या पोटातलं टाकाऊ तेल देवाच्या कामी येतं, याचा मला केवढा गर्व होता!

वर्षं गेली. तेल आत अडवणारी माझी रबरी सीलं वाळून कडक झाली. त्यांच्या भेगांमध्ये जुन्या तेलाचा मळ साचला होता, आणि खरं सांगायचं तर तो मळच माझं तेल आत अडवून धरत होता. म्हातारा माणूस काठीच्या आधाराने चालतो, तशी मी त्या मळाच्या आधाराने चालत होते. फेबियनला ते माहीत होतं. म्हणून तो मला कधी पळवत नसे आणि नवे प्रयोगही करत नसे.

रायन मोठा झाला, प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात नोकरीला लागला. नायगावला त्याने फ्लॅट घेतला, पण पाय जहाजावरच. एका ऑक्टोबरात तो सुटीवर आला तो हातात सोनेरी डबा घेऊन.

"डॅडी, हे बघ. फुल सिंथेटिक ऑइल! आपल्या फटफटीसाठी खास आणलंय. इंजिन एकदम मख्खन!"

फेबियनने दोन बोटांत थेंब चोळून पाहिला. "पातळ वाटतं रे. आणि डब्यावर मोटारीचं चित्र आहे."

"अरे, मोटारीला चालतं तर हिला नाही चालणार? सगळ्यात महाग हेच आहे."

फेबियनने जुनं तेल काढायला पाना त्याच्या हातात दिला. पोरगा कितीतरी वर्षांनी माझ्याजवळ गुडघे टेकून बसला होता, लहानपणी बसायचा तसा. त्याचे हात तेलाने माखले होते आणि चेहरा नुसता फुलला होता. त्याचं मन मोडायचं कोणाच्या जिवावर येईल? सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी पोटात मारून घेत नाही म्हणतात. पण सुरी पोटच्या पोराने आणलेली असली तर?

सुरुवातीला मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करते. अंग हलकं झालं. मला वाटलं, मी तरुण झाले! पण ते तेल माझा जुना मळ धुऊन काढत होतं. रायन जहाजावर परत गेला आणि माझ्याखाली पहिला थेंब पडला. फेबियनने तो पाहिला आणि खाली पुठ्ठा सरकवला. "पोराने एवढ्या हौसेने घातलंय," तो एस्थरला म्हणाला. "नाताळपर्यंत राहू दे, मग बदलू."

एस्थरचं हृदय तेव्हा फार थकलं होतं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती दर वर्षी पापडीला आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. त्या वर्षी सगळे म्हणाले, रिक्षाने जा. ती ऐकेना.

"अहो, मला फटफटीवरूनच न्या. पुढच्या वर्षी मी आहे की नाही, कोणाला माहीत?"

आम्ही निघालो. मी जीव तोडून चालत होते. माझ्या क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात. त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं, तरच इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो. ते मोटारीचं तेल त्यांच्यासाठी फार निसरडं होतं. नाल्यावरच्या पुलाचा चढ लागला आणि प्लेटा सुटू लागल्या. फेबियनने मूठ पिळली. मी नुसती ओरडत राहिले, चाक मात्र पुढे जाईना. जळका वास आला, खालून तेलाची धार लागली आणि मी थांबले.

रिक्षाही मिळेना. सगळी माणसं त्याच दिशेला चालली होती आणि प्रत्येक रिक्षा भरलेली. एस्थरला चार पावलं चालूनच धाप लागली. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक छोटा क्रूस होता. ती त्याच्या पायरीवर बसली, पिशवीतली मेणबत्ती काढून तिथेच लावली.

"आईला कळेल," ती म्हणाली. "फक्त रायनला सांगू नका. बिचारा किती प्रेमाने घेऊन आला होता." आणि मग ती रडली. मित्रांनो, फेबियनने एका हाताने मला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तिला. त्या दिवशी मला माझ्या लोखंडाची लाज वाटली.

नाताळाआधीच एस्थर गेली. रायन मातीला आला आणि लगेच परतला.

माझी दुरुस्ती अवघड नव्हती. सीलं बदलायची, तेल बदलायचं, प्लेटा नव्या टाकायच्या, झालं. ते तेलही वाईट नव्हतं, फक्त माझ्यासाठी नव्हतं. मोटरसायकलच्या क्लचला मानवणारं सिंथेटिकही मिळतं, पण जुन्या गाडीची सीलं आधी तपासावी लागतात. हे सगळं फेबियनला नंतर कळलं. तोवर माझ्या मागच्या सीटवर बसायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून दुरुस्ती राहूनच गेली.

मे महिन्यात रायन सुटीवर आला, तेव्हा फेबियन आळीच्या क्रूसाला माझं काढलेलं तेल लावत होता.

"डॅडी, एवढ्यात का काढलंस? चांगलं होतं की ते."

"क्रूसाला लागतं ना रे."

"गाडी कशी चालली त्याच्यावर?"

फेबियनचा ब्रश थांबला. "मस्त चालली," तो म्हणाला. "मृतांच्या दिवशी मम्मीला पापडीला नेऊन आणलं. तिच्या आईच्या कबरीवर मेणबत्ती लावली तिने."

रायनने क्रूसाची खूण केली. त्याचे डोळे भरून आले. "बरं झालं, डॅडी. तेवढं तरी माझ्या हातून झालं." मग तो शेडमध्ये आला आणि माझ्या टाकीवर डोकं टेकून कितीतरी वेळ उभा राहिला.

मित्रांनो, मला वाचा असती तरी त्या वेळी मी गप्पच बसले असते. पण तुम्हांला सांगते. तुमच्या घरात जुनं काही असेल, गाडी असेल, घड्याळ असेल, आजी-आजोबा असतील, तर त्यांना जे द्याल ते प्रेमाने द्याच. फक्त देण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, "तुला हे चालेल ना?" आणि त्यांनी "पातळ वाटतं रे," एवढंच म्हटलं, तरी तुमचा हात थांबवा. जुनी माणसं याहून जास्त बोलत नाहीत.